सोमवारी आलेली प्रश्नपत्रिका

सुरंगी फुलली की लोकांना प्रसन्न वाटतं. मला राग येतो. फेब्रुवारी सरत आला की आमच्या किनाऱ्यावरच्या बाजारात सुरंगीचे वळेसर दिसू लागतात, बायका ते माळून गाडीत चढतात, सबंध गाडी त्या वासानं भरून जाते आणि मी खिडकीशी बसून साठ वर्षांपूर्वीच्या एका परीक्षेवर मनातल्या मनात चडफडत असते. वय झालं की माणूस निवळतो म्हणतात. मला तसा काही अनुभव नाही.

यंदा त्या रागात शेजारच्या सायलीनं भर घातली. ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा दुपारी आमच्या पडवीत येऊन बसली आणि डोळे मिटून, पुढेमागे झुलत पाठ करू लागली. "चिकित्सक विचाराची सात वैशिष्ट्ये खालीलप्रमाणे. एक, प्रश्न विचारण्याची वृत्ती. दोन, पुराव्याची छाननी. तीन..." चौथ्यावर अडखळली की पुन्हा पहिल्यापासून.

मी विचारलं, "सायली, सातच कशावरून गो? आठवं नसेलच कशावरून?"

तिनं डोळे उघडले. "आजी, गाईडमध्ये सातच आहेत. आठ लिहिली तर मार्क कापतील."

"आणि पहिलं वैशिष्ट्य काय म्हणालीस?"

"प्रश्न विचारण्याची वृत्ती," ती म्हणाली आणि पुन्हा डोळे मिटून झुलायला लागली. तिला हसूही आलं नाही. चूक तिची नाही. पण ज्या कोणी शहाण्यांनी विचार करण्याचाही पाठ करायचा धडा करून ठेवला, त्यांना समोर बसवून मला एक गोष्ट सांगायची आहे. ते समोर बसणार नाहीत, म्हणून इथे सांगते.

गोवा मुक्त होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. आमचा हा भाग रत्नागिरी जिल्ह्यातच मोडत होता आणि तालुक्याच्या गावात नवं कॉलेज निघालं होतं. नवं म्हणजे किती नवं, तर चिऱ्यांच्या भिंतींना अजून गिलावा नव्हता. उन्हाळ्यात त्या भिंतींतून तांबडी धूळ गळायची आणि आमची वह्या-पुस्तकं तांबूस व्हायची. मागच्या बाजूला काजूची झाडं होती. परीक्षा जवळ आल्या की काजूला बोंडं धरायची, पिकून खाली पडायची आणि त्यांचा आंबूस वास वर्गात यायचा. मी मसुऱ्याची. कॉलेजसाठी मामाकडे राहायला आले होते. मामा त्याच संस्थेच्या हायस्कुलात शिक्षक होता. वर्गात आम्ही मुली चौघी, मुलगे तीसेक.

प्राचार्यांबद्दल वाईट बोलायचं तर आधी चांगलं बोलायला हवं. हे कॉलेज त्यांनी उभं केलं. गावोगाव हिंडून, घरोघरी जाऊन, "तुमच्या पोराला पाठवा" म्हणून हात जोडून त्यांनी मुलं गोळा केली. माझ्या बापाला त्यांनीच पटवलं. ते इतिहास शिकवत. शिकवत म्हणजे सांगत, आणि आम्ही लिहून घेत असू. त्यांचा आवाज इतका घुमारदार होता की स्वल्पविरामसुद्धा ऐकू यायचा. पेपरात तेच शब्द त्याच क्रमानं उतरवले की ते खूश होत. "वाक्य जसंच्या तसं आलं आहे," असं ते समासात तांबड्या शाईनं लिहीत, आणि ती आमच्याकडे मोठी शाबासकी समजली जाई.

आणि तर्कशास्त्राला होते तिरोडकर सर. तिशीच्या आतले, किरकोळ अंगाचे, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. मुंबईत शिकून परत आपल्या मुलखात आले होते. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर पुस्तकातलं नेहमीचं उदाहरण लिहिलं, सर्व माणसं मर्त्य आहेत वगैरे. मग ते पुसून टाकलं आणि म्हणाले, "हे तुम्हाला पटलंच आहे. पटलेल्या गोष्टीवर डोकं चालवून काय होणार? मला सांगा, आज बाजारात बांगडा स्वस्त आहे. यावरून काय कळतं?"

कोणीतरी म्हणालं, काल मासळी भरपूर मिळाली.

सर आमच्याशी शुद्ध भाषेत, तुम्ही-आम्ही करून बोलत. पण खरोखर डोकं चालवायची वेळ आली की त्यांची मालवणी बाहेर यायची. "कशावरसून?" ते म्हणाले. "तुका कशावरसून कळला?"

कोणत्याच शिक्षकानं आम्हाला असं कधी विचारलं नव्हतं. उत्तर बरोबर की चूक एवढंच ठाऊक होतं. तेव्हा शेवटच्या बाकावरून एक आवाज आला. "सर, काल मासळी कमीच होती. माझी आवस सांगी होती. पण कोल्हापूरचो ट्रक घाटात अडाकलो. म्हणान सगळी हंयच विकूक लागली."

हा विश्राम. सहा मैलांवरच्या किनाऱ्यावरच्या गावातून यायचा. बाप समुद्रात गेला तो परतला नव्हता, आई डोक्यावर पाटी घेऊन मासे विकायची. घरात कॉलेजात आलेला तोच पहिला. बोलताना त्याला शुद्ध भाषा सुचायची नाही, म्हणून तो फारसा बोलायचाच नाही. त्या दिवशी बोलला. सरांनी खडू टेबलावर ठेवला. "बघा," ते म्हणाले, "आपण सगळ्यांनी भाव बघितला. यानं रस्ता बघितला."

त्या वर्षी मी पहिल्यांदा विचार करायला लागले, असं म्हटलं तर अतिशयोक्ती वाटेल. पण तसंच झालं. आंगणेवाडीच्या जत्रेला सगळं मसुरे लोटतं, त्या गर्दीत चालताना लोक काय बोलतात आणि कशाच्या आधारावर बोलतात, ते मला ऐकू यायला लागलं. कोणाची म्हैस आटली, कोणाची नजर लागली, कोण कोणामुळे मेलं. मी मनात विचारायची, कशावरसून? मामी म्हणाली, "हल्ली तुझ्या कपाळाक आठी पडता." पडत असेल. पण डोक्यात दिवा लागल्यासारखं वाटायचं. आणि विश्रामच्या बाबतीत तर तो दिवा आम्हाला सगळ्यांना दिसत होता. सर एखादा उतारा वाचून दाखवत, त्यात दोष कुठे ते विचारत, आम्ही वह्या चाळत राहायचो आणि हा खिडकीबाहेर काजूकडे बघत उत्तर सांगायचा.

एप्रिलच्या परीक्षेआधी कॉलेजची चाचणी असे. ती पास झालं की विद्यापीठाच्या परीक्षेचा फॉर्म पाठवला जाई. सरांनी तर्कशास्त्राचा पेपर काढला तो वहीत सापडणार नाही असा. सगळे प्रश्न नवे. बऱ्याच जणांनी हात टेकले. मला बावन्न मिळाले. विश्रामला एक्क्याऐंशी.

दोन दिवसांनी बातमी आली की विश्रामनं पेपर फोडला.

पुरावा काय होता, ते सांगते. हेडक्लार्कनं सांगितलं की परीक्षेआधीच्या शनिवारी दुपारी हा मुलगा कार्यालयात, प्रश्नपत्रिकांच्या कपाटाजवळ उभा होता. आणि त्याला एक्क्याऐंशी गुण मिळाले. झालं. दोन वाक्यं. शेणामातीच्या जमिनीवर बसून, आईच्या पाटीशेजारी अभ्यास करणाऱ्या मुलाला एक्क्याऐंशी गुण मिळतात कसे? हे तिसरं वाक्य कोणी बोललं नाही, पण तेच पहिल्या दोहोंना जोडत होतं. इतिहासाच्या पेपरात ज्या मुलाला प्राचार्यांचीच वाक्यं आठवून नव्वद मिळाले, त्याच्याबद्दल कोणाला शंका आली नाही. दुसऱ्याचं उतरवून काढलं तर शाबासकी आणि स्वतःच्या डोक्यातून काढलं तर चोरी!

विश्राम कार्यालयात गेला होता हे खरंच होतं. बसच्या पाससाठी दाखला हवा होता, तो घ्यायला गेला होता. पण त्याहून मोठी गोष्ट सरांनी शिक्षकांच्या बैठकीत सांगितली आणि ती शिपायामार्फत दुपारपर्यंत आमच्या कानावर आली. पेपर शनिवारी कार्यालयात नव्हताच. सरांनी तो रविवारी घरी बसून लिहिला, सोमवारी सकाळी नेऊन दिला आणि हेडक्लार्कनं आवक रजिस्टरात नोंद करून घेतला. शनिवारी त्या कपाटात चोरायला काही नव्हतं.

"रजिस्टर उघडून बघा," सर म्हणाले होते.

प्राचार्य म्हणाले, "तुमच्या सहकाऱ्याच्या शब्दावर तुमचा विश्वास नाही?"

रजिस्टर त्याच खोलीत होतं. हात लांबवला तर लागेल इतक्या अंतरावर. कोणी उघडलं नाही. शिकलेली, पदव्या घेतलेली आठ-नऊ माणसं टेबलाभोवती बसली होती, त्यांच्यातल्या एकाचाही हात पुढे झाला नाही. पान उलटायला किती वेळ लागतो?

आम्ही अर्ज करायचं ठरवलं. आम्ही म्हणजे वर्गातले अकरा जण. माझं अक्षर चांगलं, म्हणून मजकूर मी लिहिला. काजूच्या सावलीत बसून, बोंडांवर घोंघावणाऱ्या माश्या हाकलत, आम्ही सरांच्या तासाला करायचो तसंच केलं. विधान कोणतं, आधार कोणता, आधारातून विधान निघतं का. शेवटी एकच मागणी: आवक रजिस्टर पाहावं. सरांना आम्ही काही सांगितलं नव्हतं. मला आठवतं, लिहून झाल्यावर आम्ही सगळे उगाचच हसत होतो. इतकं सोपं होतं ते. इतकं स्वच्छ. मोठ्या माणसांच्या नजरेतून सुटलंय, आपण दाखवलं की ते "अरे हो" म्हणतील, असं आम्हाला खरंच वाटत होतं.

प्राचार्यांनी अर्ज उभ्यानं वाचला. दोनदा वाचला. मग चष्मा काढला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

मी म्हटलं, "सर, रजिस्टरमध्ये सोमवार असेल तर..."

"मी विचारलं, हे कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. आम्हीच."

"अकरा मुलं एकदम असा विचार करत नाहीत," ते म्हणाले. "यामागे माणूस आहे."

खरं आहे का, हे त्यांनी विचारलं नाही. शेवटपर्यंत विचारलं नाही. मुलं विचार करतात याचा अर्थ त्यांना कोणीतरी फितवलं आहे, असं त्या शिक्षणमहर्षींना वाटलं, आणि ते दुसऱ्या दिवसापासून पालकांना बोलावून घेऊ लागले.

संध्याकाळी मामा घरी आला तो चप्पल न काढताच पडवीत बसला. पाणी दिलं ते घेतलं नाही.

"सुमन," तो म्हणाला, "माझी नोकरी तेंच्याच संस्थेत आसा. तुका ठावक आसा मां?"

"मामा, पण तेना चोरी करूक नाय."

"नसात केलेली. मी खंय म्हणतंय केली म्हणान?" मामा कधी ओरडायचा नाही, त्या दिवशीही ओरडला नाही. "तेची आवस तेचा बघात. माका चार पोरां आसत. फाल्या सही मागे घे."

मामी दारात उभी होती. तिच्या केसांत सुरंगीचा वळेसर होता. तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी अजून विसरले नाही. तिला भीती वाटत होती. माझी भीती वाटत होती. आपल्या घरात राहणाऱ्या, आपल्या हातचं जेवणाऱ्या मुलीची.

मी सही मागे घेतली. "माझी सही गैरसमजातून झाली," असं एक वाक्य लिहून दिलं. माझ्या चांगल्या अक्षरात. आठवड्याभरात अकरापैकी दहा जणांनी तसंच लिहून दिलं. उरलेला मुलगा दोडामार्गचा होता, त्याचा बाप निरोप मिळूनही आला नाही, म्हणून त्याची सही तशीच राहिली. एका सहीचा अर्ज अर्ज नसतो, असं म्हणून तो फाईलला लावण्यात आला.

मग संस्थेला दया आली. दया हाच शब्द वापरला त्यांनी. मुलगा गरीब आहे, बाप नाही, त्यानं माफीपत्र लिहून दिलं तर फॉर्म पाठवायला हरकत नाही. चूक कबूल करण्यापेक्षा दया करणं त्यांना सोपं गेलं. दया करणारा मोठा दिसतो ना.

त्या दिवशी मी वाचनालयात पुस्तक परत करायला गेले होते. आत सर आणि विश्राम उभे होते. फॉर्म पाठवायचा शेवटचा दिवस होता. सरांच्या हातात कोरा कागद होता.

"लिहून दे," सर म्हणत होते. "चार ओळी. कोणी वाचणार नाही. वर्ष फुकट घालवू नकोस."

विश्राम म्हणाला, "सर, जां केलंच नाय, तेची माफी कशी मागू?"

"मी सांगतो म्हणून माग." सरांनी कागद त्याच्यापुढे धरला. वर्षभर ज्यांनी आम्हाला एकही उत्तर आयतं दिलं नाही, ते उत्तर हातात घेऊन त्याच्या विनवण्या करत होते. "तू परीक्षा दे. पास हो. पुढे जा. मग हवं तर जगाला सांग काय झालं ते. पण आता लिही."

"मगे जगान माका इचारल्यान, तुया लिवन कित्याक दिलंस, तर काय सांगू?"

कित्याक, म्हणजे का, हे विचारायला त्याला सरांनीच शिकवलं होतं. त्यांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. विश्राम वळला तेव्हा त्याला मी दिसले. मी सही मागे घेतल्याचं त्याला ठाऊक होतं, सगळ्यांनाच ठाऊक होतं. तो थांबला आणि म्हणाला, "तुझी वही माझ्याकडे रवली हा. फाल्या हाडतंय." दुसऱ्या दिवशी त्यानं ती खरंच आणून दिली, मामाच्या घरी, कव्हर घालून. त्यानंतर तो कॉलेजात आला नाही.

विद्यापीठाची परीक्षा एप्रिलात झाली. दुपारच्या वेळी वारा पडलेला, कौलं तापलेली, पालथ्या हातानं घाम पुसत आम्ही लिहीत होतो. तर्कशास्त्राच्या पेपरात प्रश्न होता: तर्कदोष म्हणजे काय ते उदाहरण देऊन स्पष्ट करा. व्याख्या मी पाठ केलेली लिहिली. उदाहरण सुचेना. आणि मग सुचलं. एक विद्यार्थी शनिवारी कपाटाजवळ दिसला. त्याला सर्वाधिक गुण मिळाले. म्हणून त्यानं प्रश्नपत्रिका चोरली. या युक्तिवादात दोष असा की... दीड पान लिहिलं. झरझर, खाडाखोड न करता. जे प्राचार्यांसमोर उभं राहून बोलायला हवं होतं ते सगळं त्या दीड पानात आलं. कुठल्यातरी अनोळखी परीक्षकानं ते वाचलं असेल, छान आहे म्हणाला असेल. तर्कशास्त्रात मी कॉलेजात पहिली आले.

त्या गुणपत्रिकेची मला आजही शिसारी येते. विश्रामवर झालेल्या अन्यायाचं मी उदाहरण केलं आणि त्याचे गुण घेतले. आणि कॉलेजनं त्याबद्दल माझा सत्कार केला! प्राचार्यांनी माझ्या हातात नारळ ठेवला आणि भाषणात म्हणाले, आमच्या महाविद्यालयात विचारशक्तीचं बीजारोपण होतं. समोर टाळ्या वाजत होत्या. तिरोडकर सर तिथे नव्हते. पुढच्या वर्षी या विषयाला पुरेसे तास नाहीत, असं पत्र देऊन त्यांना मे महिन्यातच मोकळं केलं होतं. गोव्यात नव्या शाळा निघत होत्या, मराठी शिकवणारी माणसं हवी होती, तिथे एका खेड्यात ते पोरांना बाराखडी शिकवायला गेले. विश्रामही गोव्यातच गेला. नदीतून खनिज वाहणाऱ्या बार्जवर नोंदी लिहायचं काम मिळालं त्याला. एवढी बुद्धी, टनांचे आकडे मांडायला.

मी बी.ए. झाले, कोल्हापूरला एम.ए. झाले आणि त्या परीक्षेनंतर पाच वर्षांनी त्याच कॉलेजात शिकवायला आले. जुने प्राचार्य निवृत्त झाले होते. कार्यालय तेच होतं, कपाट तेच. हजर झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी हेडक्लार्कच्या जागी आलेल्या नव्या माणसाला म्हटलं, जुनी आवक रजिस्टरं बघायची आहेत. त्यानं का म्हणून विचारलं नाही. धूळ झटकून आणून दिली.

पान उलटायला किती वेळ लागतो, ते तेव्हा कळलं. अर्धं मिनिट. "सोमवार. तर्कशास्त्र, प्रश्नपत्रिका एक, प्रा. तिरोडकर यांजकडून." खाली हेडक्लार्कची स्वतःची सही. ज्यानं शनिवारचं सांगितलं, त्यानंच सोमवार लिहून ठेवला होता. माणूस दुष्ट होता का? मला वाटत नाही. त्यानं मुलाला पाहिलं होतं, तेवढं सांगितलं. पुढचं सगळं ऐकणाऱ्यांनी केलं.

मग मी त्या बैठकांचं इतिवृत्त मागवलं. त्यात लिहिलं होतं: सदर विद्यार्थ्याने माफीपत्र न दिल्याने फॉर्म पाठविण्यात आला नाही. विषय संपला.

विषय संपला! मी त्या दोन्ही वह्या घेऊन नव्या प्राचार्यांकडे गेले. ते सज्जन होते. त्यांनी दोन्ही नोंदी वाचल्या, मान हलवली. "वाईट झालं," ते म्हणाले. "पण बाई, आता याचा काय उपयोग? तो मुलगा आता कुठे आहे कोण जाणे."

"मला माहीत आहे कुठे आहे ते."

"तरी पण. जुनं उकरून संस्थेचं नाव..."

मी त्यांच्या टेबलावरचं पेन उचललं आणि इतिवृत्ताच्या समासात लिहिलं: प्रश्नपत्रिका सोमवारी कार्यालयात आली. विद्यार्थी शनिवारी दिसला. त्याने चोरी केलेली नाही. खाली पूर्ण नाव लिहून सही केली. ही सही मात्र मी मागे घेतली नाही. आठ दिवसांनी, दप्तरात लेखन केल्याबद्दल खुलासा करावा, असा मेमो आला तेव्हाही नाही. खुलासा केला. साडेचार पानं केला. तो कोणी वाचल्याचं मला आठवत नाही.

विश्रामला मी पत्र लिहिलं, नोंदी जशाच्या तशा उतरवून. त्याचं कार्ड आलं. दोनच वाक्यं. "रजिस्टर उघडलंत ते बरं केलंत. एकदा माझ्या आईला सांगा."

मला वाटलं होतं तिला ठाऊक असेल. तिच्या मुलानं तिला सांगितलं असणारच, आणि तिनं त्याच्यावर विश्वासही ठेवला असणार. पण गावानं ठेवला नव्हता. आमच्या गल्लीतून तिनं पाटी फिरवणं बंद केलं होतं, हे मला मामीकडून कळलं होतं. बायका मासे घेताना मुलावरून टोचून विचारायच्या, "झीलाचा कॉलेज खंयपर्यंत इला गो?"

मी एका रविवारी सकाळी गेले. माडांच्या रांगेपलीकडे तिचं घर होतं. अंगणात कामट्यांच्या बुटक्या मांडवीवर बांगडे वाळत घातले होते आणि ती एकेक बांगडा उलटा करत होती. मी कॉलेजातली बाई म्हटल्यावर तिनं पदर डोक्यावर घेतला. मी रजिस्टरातली उतरवून नेलेली नोंद वाचून दाखवली, मग समासात मी लिहिलेलं वाचलं, मग तिच्या भाषेत पुन्हा सांगितलं. शनिवार, सोमवार. ती ऐकता ऐकता बांगडे उलटत राहिली.

"माझो झील चोरी करूचो नाय," ती म्हणाली. "तां माका ठावक होतां. पण लिवन ठेवलंस, बरां केलंस."

पाच वर्षं छातीवर असलेलं ओझं उतरतंय असं वाटलं. मी म्हटलं, "तेवाच सगळ्यांका कळूक व्हया होतां."

तिचा हात थांबला. "तुका कधी कळला?"

"तेव्हाच," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?

"तेवाच?" तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, नुसतं नवल होतं. "मगे तेवा कित्याक बोलूक नाय गो बाय?"

समुद्र अगदी जवळ होता. ऊन चढत होतं. माझ्याकडे दोन पदव्या होत्या, तर्कशास्त्रातला पहिला क्रमांक होता, सोमवारापासून लागणारं वेळापत्रक पर्समध्ये होतं. ती पुन्हा वाकली आणि उरलेले बांगडे उलटे करू लागली.

"सावळेत बस," ती म्हणाली. "उन्हात उबां रव नको."